गुळाचे तेहतीस अनारसे

माझा उजवा डोळा तेवढा कामाचा उरला आहे, आणि त्यातही मोतीबिंदू आहे. डाव्या डोळ्याचा पडदा शुगरनं आधीच खराब केला, तो आता काही सुधारायचा नाही. शिंप्याचा धंदा एका डोळ्यावर चालतो, मी चालवून दाखवला आहे, पण तो एक तरी धड लागतो ना. गडद कापडावरची खडूची रेघ मला आता दिसत नाही. काज कुठं आणि बटण कुठं, हे बोटांनी चाचपून ठरवतो. एका गुरुजींच्या पँटचा एक पाय बोटभर आखूड शिवला गेला. ते बिचारे काही बोलले नाहीत, पण परत दुकानात आलेही नाहीत.

हिंगोलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी एकच अट घातली होती. साखर दोनशेच्या खाली आणा, मी ऑपरेशन करतो. दोनदा तारीख मिळाली. दोन्ही वेळा बायकोला सोबत घेऊन पहाटेच्या गाडीनं गेलो, डोळ्यात थेंब टाकून घेतले, बोटाला सुई टोचून घेतली आणि साखर जास्त म्हणून तसाच परत आलो. दुसऱ्या वेळी डॉक्टर चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते कागदावर तिसरी तारीख लिहीत म्हणाले, "काका, मी थांबेन. डोळा थांबणार नाही."

मला तंबाखू नाही, बिडी नाही, दारूचा तर वासही सहन होत नाही. कळमनुरीच्या बाजारात माझ्या दुकानाच्या आजूबाजूला मला सज्जन समजतात. देवानं सगळ्या व्यसनांचा वाटा एका गोडात घालून माझ्या पानात वाढला, हे त्यांना माहीत नाही. दुपारी चार वाजले की मशीनवर बसल्या बसल्या जिभेच्या मुळाशी काहीतरी ओढ लागते. तहान नाही, भूक नाही. पाय मशीनच्या पायडलवर चालत असतात, हात कापड सरकवत असतात, आणि मन समोरच्या हॉटेलातल्या बालुशाहीच्या परातीत जाऊन बसलेलं असतं. बडीशेप चघळून झाली. मेथ्या, कारलं, जांभळाच्या बियांची पूड, जो भेटेल त्यानं सांगितलेलं सगळं करून झालं. त्यानं साखर कमी झाली की नाही देव जाणे, माझी ओढ मात्र तसूभर कमी झाली नाही.

बायको साखरेचा डबा कुठं ठेवते हे मला अजून सापडलेलं नाही. शोधला नाही असं नाही. सुट्टीत लेक माहेरी आली होती, तिच्या लेकराला खोकला होता. त्या लेकराच्या गोड औषधाचे दोन चमचे मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या प्यायलो. बाटली खाली ठेवताना मला स्वतःची इतकी लाज वाटली की दिवसभर लेकीकडं वर मान करून बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी परत दोन चमचे प्यायलो.

तिसऱ्या तारखेच्या आधी तीन आठवडे अधिक महिना लागला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांनी एकदा येतो आणि त्या महिन्यात जावयाला सासरी बोलावून धोंडे खाऊ घालायचे असतात. धोंडे म्हणजे कणकेत पुरण भरून वाफवलेले गोळे, वरून तुपाची धार. शिवाय ताम्हणात तेहतीस अनारसे मांडून, त्यावर दिवा ठेवून जावयाला दान द्यायचं. त्या दिवशी जावई देव असतो. मग देवानं घास नाकारला तर वाढणाऱ्याचं पुण्य जातं.

माझ्या सासूबाई सेनगावजवळ साखरा गावी, मेव्हण्याकडं राहतात. वय ऐंशीच्या घरात, पण उन्हात बसून तूर निवडायला अजून चष्मा लागत नाही. मी त्यांना मामी म्हणतो, आमच्या भागात सासूला असंच म्हणायची रीत आहे. त्या मला जावईबापू म्हणतात. बायकोनं त्यांना आधीच फोन करून बजावलं होतं.

"माय, ह्या वेळेला धोंड्याचं राहू दे. ह्यांना गोड चालत न्हाई. डोळ्याचं आपरेशन हाय."

"जावयाला धोंडे न देता महिना कसा जाऊ द्यावा गं?" पलीकडून आवाज आला. त्या फोनवर इतक्या मोठ्यानं बोलतात की मला मशीनवर ऐकू येतं. "मी करते बराबर. त्यांना तकलीफ व्हईल असं मी करीन का?"

बायको माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमी तिथं दोन घास खायचे अन् हात धुवायचे." मी लगेच मान डोलावली. मान डोलवायला मला कधीच जड जात नाही.

साखऱ्याला पोचलो तेव्हा सोयाबीन गुडघ्याएवढं झालं होतं आणि अंगणात चिखल होता. सासूबाईंनी पाटावर बसवून माझे पाय धुतले. एवढी म्हातारी बाई वाकून पाय धुते, हे मला दर तीन वर्षांनी नकोसं होतं आणि दर वेळी मी पाय पुढं करतो. कुंकू लावलं, टोपी-टॉवेल दिला. मग ताम्हण आलं. अनारसे रचलेले, प्रत्येकावर खसखस, प्रत्येकाला बारीक जाळी. रंग मात्र नेहमीचा नव्हता. नेहमी पिवळट असतात, हे गडद तांबूस होते.

"बापू, ह्यात साखरेचा एक दाणा न्हाई," सासूबाई माझ्यासमोर उकिडव्या बसत म्हणाल्या. "सगळं गुळाचं केलंय. पुरण बी गुळाचं. पोराला पुसेगावला पाठवून काळा गूळ आणवला, बिन पावडरीचा."

तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, सावलीत वाळवले आणि गिरणीत न देता स्वतः उखळात कुटले, हे त्या सांगत होत्या. साखरेचा अनारसा त्यांच्या हातात बसलेला आहे. गुळाचा तुपात हसतो, म्हणजे विरघळून पसरतो आणि कढईभर चुरा होतो. पहिले दोन घाणे तसेच वाया गेले. मग गुळाचं प्रमाण सुधारत सुधारत त्यांनी तेहतीस जमवले. हे सगळं माझ्या डोळ्यासाठी केलं होतं. साखर ही कारखान्याची, ती बाधते. गूळ घरचा, बाळंतिणीला देतात, काढ्यात घालतात, तो कसा बाधेल? इतका सरळ हिशेब होता त्यांचा.

बायको आत चुलीपाशी होती. सासूबाईंनी माझ्याकडं बघून आवाज थोडा खाली आणला.

"चालतंय न्हवं गुळाचं? डाक्टर काय म्हणतेत? न्हाई म्हणत असतीन तर तसं सांगा, मी वाईट वाटून घेनार न्हाई."

आता हे मला लिहायलाच पाहिजे. गूळ आणि साखर रक्तात एकच होतात हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, आणि मी तेव्हा मान डोलावली होती. त्या विचारत होत्या तेव्हा तुपाचा आणि वेलदोड्याचा वास माझ्या नाकात शिरलेला होता. तोंडाला पाणी सुटलेलं होतं आणि ते गिळल्याशिवाय बोलता येईना. मी ते गिळलं आणि म्हणालो, "व्हय मामी. गुळाचं चालतंय."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर वाटलं, चांगलंच काम केलं आपण.

चार धोंडे खाल्ले. बायको वाढायला आली तेव्हा तिनं डोळे वटारले, पण गुळाचं आहे हे ऐकल्यावर तिचाही हात ढिला पडला. "गूळ थोडा चालत आसंल," ती पुटपुटली. तिलाही वर्षभर मला नाही नाही म्हणून कंटाळा आलाच असणार. निघताना सासूबाईंनी सगळे अनारसे स्टीलच्या डब्यात घालून दिले, कारण दान घरी न्यावं लागतं. बायको एस्टीत म्हणाली, "दुकानाच्या लोकायला वाटून टाका. घरात ठेवायचे न्हाईत." मी म्हणालो, "उद्याच वाटतो."

डबा मी दुकानात कतरणीच्या पोत्यात ठेवला. कापून उरलेल्या चिंध्यांचं ते पोतं, त्यात माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही. पहिल्या दिवशी खरोखर वाटायचं ठरवलं होतं. शेजारच्या भांडेवाल्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि हाक मारली नाही. चार वाजता एक खाल्ला. बाहेरून कुरकुरीत, आत जरा ओलसर, आणि गुळाची ती खोल, जमिनीची असावी तशी चव. एकाच अनारशावर मी पाच-सहा मिनिटं घालवली. मशीन बंद होतं. मला त्या पाच मिनिटांत डोळा नव्हता, शुगर नव्हती, काहीच नव्हतं.

पुढं रोज दोन खाल्ले, मग तीन. दर वेळी स्वतःला सांगायचो, गुळाचे आहेत. खोटं आहे हे माहीत असूनही ते वाक्य मनात म्हटलं की हात पोत्यात जायला मोकळा व्हायचा. गोळ्या नियमित घेत होतो, सकाळी चालायलाही जात होतो, आणि घरी जेवताना भात बाजूला सारत होतो. बायको बघून खूश व्हायची. डबा रिकामा झाला त्या दुपारी मी बोट ओलं करून तळाची खसखस टिपली. तारखेला तेव्हा दोन दिवस राहिले होते.

हिंगोलीत बोटाला सुई टोचली तेव्हा मी मनातल्या मनात देवाला म्हणत होतो, ह्या वेळी तेवढं बघ, पुढचं मी बघतो. तीनशे बारा निघाली.

"काय खाल्लं काका?" डॉक्टरांनी विचारलं. बायको माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती. तोंड उघडलं ते खरं सांगायचं म्हणूनच उघडलं होतं, शपथेवर सांगतो. बाहेर पडलं ते वेगळंच.

"धोंड्याला गेलो होतो सासरी. सासूबाई म्हणाल्या गुळाचं चालतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवून बायकोला शांतपणे समजावून सांगितलं की गूळ काय, साखर काय, मध काय, ह्या रोगाला सगळं सारखंच. मोतीबिंदू आता फार दिवस असा ठेवणं बरं नाही, पण एवढ्या साखरेत डोळ्याला हात लावला तर जखम भरणार नाही, पू होईल आणि आहे तोही डोळा जाईल. दिवाळीनंतरची तारीख दिली. बाहेर आल्याबरोबर बायकोनं व्हरांड्यातच फोन लावला.

"माय, काय करून बसलीस तू? सांगितलं व्हतं न मी तुला? गूळ अन् साखर एकच असती म्हणून डाक्टर म्हणून राहिले. तीनशेच्या वर गेली. आपरेशन परत राहिलं. त्यांचा डोळा गेला तर कुणी बघायचं? तुझे धोंडे बघतीन का?"

मी भिंतीला टेकून उभा होतो. आता सासूबाई सांगतील, अगं मी विचारलं होतं त्यांना, तेच हो म्हणाले. मी त्याची वाट बघत होतो. भीती वाटत होती, आणि त्या भीतीच्या खाली कुठंतरी असंही वाटत होतं की सांगून टाकावं त्यांनी, सुटू दे मला ह्यातून. एरवी त्यांचा आवाज दहा हातांवर ऐकू येतो. त्या दिवशी फोनमधून काहीच ऐकू आलं नाही.

"काहून बोलत न्हाईस?" बायको म्हणाली. मग थोड्या वेळानं, "रडू नको. आता रडून काय व्हनार हाय."

तिनं फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"काय म्हणनार? चुकलं माझं, म्हणली."

एवढंच? मला पुढं विचारायची हिंमत झाली नाही. दहा अनारशांचं मी स्वतःशी कबूल केलं असतं, वीसचंही केलं असतं. पण त्या बाईनं माझं एक 'व्हय' पोटात ठेवलं होतं, त्याचं काय करायचं ते मला समजेना. घरी येताना बायको पदरानं डोळे पुसत होती आणि मी खिडकीबाहेर बघत होतो.

भादव्यात महालक्ष्म्या बसल्या तेव्हा बायको मदतीला साखऱ्याला गेली. तीन दिवसांनी परतली. पिशवीतून तिनं नुसती आमटी आणि भाज्या काढल्या, पुरणपोळी नव्हती. रात्रीची भाकरी थापता थापता तिनं सांगितलं.

"मायनं गोड सोडलं."

"म्हणजे?"

"तुमचं आपरेशन व्हईपर्यंत गोडाला हात लावनार न्हाई म्हणून देवापुढं बोलली. अधिकातच सोडलं, त्या फोनच्या दिवशी. चहा बिन साखरेचा पिऊन राहिली. महालक्ष्म्याचं पुरण तिनंच वाटलं, पोळ्या तिनंच लाटल्या, अन् ताटात घेतली न्हाई. सुवासिनीनं आग्रह केला तर हात जोडले. मी बोलले ते तिला लई लागलं वो."

ऐंशीच्या घरातल्या त्या बाईला दात नाहीत. दुधात कुस्करलेली पोळी आणि वाटीभर साखरेचा चहा, एवढंच तिचं सुख होतं. महिनाभराहून जास्त दिवस तिनं ते सोडलेलं होतं. आणि त्याच महिन्यात मी हॉटेलातून कितीदा काय आणलं, ते मला आठवायचीही लाज वाटते. डोळा माझा, मोतीबिंदू माझा, आणि पथ्य ती पाळत होती. भाकरी अर्धीच ठेवून मी ताटावरून उठलो.

चार दिवसांनी दुकान बंद ठेवून मी एकटाच साखऱ्याला गेलो. बायकोला हिंगोलीहून अस्तर आणायचं आहे म्हणून सांगितलं. सासूबाई ओसरीवर एकट्याच होत्या. मला बघून त्या लगबगीनं उठल्या आणि दोन कप चहा घेऊन आल्या. दोन्ही कोरे, बिन साखरेचे. समोर बसून त्यांनी घोट घेतला तेव्हा त्यांचं तोंड किंचित वाकडं झालं. सवय झाली नव्हती तर.

"मामी," मी म्हणालो, "डब्यातले अनारसे मी वाटले न्हाईत. सगळे मीच खाल्ले. दुकानात लपवून. अन् गूळ चालत न्हाई, हे मला त्या दिवशी बी माहीत व्हतं."

त्या कपात बघत राहिल्या. मला वाटलं आता रागावतील, आणि रागावावं असं मला मनापासून वाटत होतं.

"मला समजलं व्हतं," त्या म्हणाल्या. "तुमी व्हय म्हणले तवा माझ्याकडं बघितलं न्हाई. ताम्हणाकडं बघितलं."

"मग तुमच्या पोरीला काहून सांगितलं न्हाई?"

"काय सांगू? तिला तुमच्यासंगं ऱ्हायचंय. अन् वाढलं तर मीच न." त्यांनी कप खाली ठेवला. "चांगले झाले व्हते का?"

मला हुंदका आला. मी मान डोलावली.

"आता तरी सोडा मामी, हे पथ्य. साखर माझी हाय. तुमी गोड न खाल्ल्यानं माझी कशी उतरंल?"

"तुमच्याच्यानं व्हत न्हाई, हे मला दिसून राहिलं," त्या म्हणाल्या. रागानं नाही, लेकराचं अंग गरम लागतंय म्हणावं तसं. "माझ्याच्यानं व्हतंय. घरातल्या कुणाच्या तरी हातून होऊ द्या बापू. देव काय एवढं बारीक बघत बसतो का, कुणाच्या तोंडात काय गेलं ते?"

मी उठून त्यांच्या पाया पडलो. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि आपरेशन झालं की दोघं मिळून चहा पिऊ, साखरेचा, असं म्हणाल्या. मग जीभ चावून म्हणाल्या, "मी पिईन. तुमी बघा नुसतं."

जीपनं सेनगावला आलो तेव्हा रडून रडून डोकं हलकं झालं होतं. आजपासून बंद, असं मी मनाशी म्हटलं, आणि ते खरंच होतं, म्हणताना तरी. हिंगोलीच्या गाडीला अर्धा तास होता. स्टँडच्या बाहेर एकजण जिलेबी तळत होता. मी तिथून पुढं गेलो. शेवटच्या टपरीपर्यंत गेलो. तिथं काही काम नव्हतं, म्हणून मागं फिरलो. दुसऱ्या कुणाचे पाय बघावेत तसा मी माझे पाय बघत होतो, आणि मला ते थांबवता येत नव्हते. पावशेर म्हणालो. त्यानं कागदात बांधून दिली, मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो आणि गरम गरमच खाल्ली. पहिल्या तुकड्यालाच डोळ्यातून पाणी आलं, पण हात थांबला नाही.

तेवढ्यात फोन वाजला.

"पोचले का बापू?"

"सेनगावात हाय, मामी. गाडीची वाट बघून राहिलो."

"वाटंत काही खाल्लं न्हाई न्हवं?"

"न्हाई."

"मंग बराबर," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात इतकं समाधान होतं, की मला तो फोन कानापासून लांब धरावासा वाटला. "मीबी न्हाई. नातीनं आत्ता पेढा आणला व्हता कुणाच्या बारशाचा. परत दिला."

मी फोन डाव्या हातात धरला होता. उजव्या हाताची बोटं पाकानं चिकटली होती.